बँडसॉ घेताना

अगं, दुकानात पाऊल टाकलंस की विचारतील, "किती इंची?" तो आकडा चाकाच्या व्यासाचा. 14 इंची मशीनवर पात्यापासून मागच्या खांबापर्यंत साधारण साडेतेरा इंच जागा मिळते. पण तू आधी दुसरंच माप घे. गाईड पूर्ण वर कर आणि टेबलापासून तिथपर्यंत टेप लाव. फळी उभी चिरायची म्हटली की हीच उंची कामाला येते, आणि जाहिरातीत ती कोपऱ्यात लिहिलेली असते.

तुला खेळणी, देव्हाऱ्याची महिरप एवढंच कापायचं असेल तर 10 इंची घे, खुशाल घे. पण जुन्या वाड्याची सागाची तुळई चिरून फळ्या काढायच्या तुझ्या मनात आहे, हे मला ठाऊक आहे. 10 इंचीत जेमतेम चार-पाच इंच जाडी मावते, आणि साग लागला की तिची मोटर दमते. शिवाय चाक लहान, म्हणून पातं दर फेऱ्याला जास्त वाकतं. पोलाद थकतं आणि बहुधा सांध्याशी तडकतं. म्हणून 14 इंचीच घे, मोटर दीड हॉर्सपॉवरची. ती घरच्या सिंगल फेजवर चालते, फक्त 15 अँपिअरचा पॉइंट वेगळा काढून घे. ओतीव खांबाच्या मशीनवर सहा इंच जाडी चिरते. काहींना खांबात ठोकळा घालून बारा इंच करता येतात, पण मग पातंही लांब लागतं, साडेत्र्याण्णवऐवजी 105 इंच. त्याहून मोठी मशीन घरच्या शेडमध्ये जागा खाईल.

चिरायला चार सुती पातं लाव, इंचाला तीन दात. दात बारीक असले की भुसा अडकतो, पातं तापतं आणि वाकडं पळतं. वळणाला दोन सुती ठेव. तुळईवरून आधी लोहचुंबक फिरव. शंभर वर्षांचे खिळे आत बसलेले असतात, एकाच खिळ्याने नवं पातं बाद होतं. आणि गोल ओंडका नुसत्या हातानं कधी धरू नकोस गं, तो गरकन फिरतो आणि बोटं आत ओढतो. त्याला खाली सपाट फळी ठोकून घे.

जुनी मशीन बघत असशील तर प्लग काढून वरचं चाक हाताने फिरव. डुगडुगत असेल किंवा त्याचं रबर चिरलेलं असेल तर भाव पाड. आणि रोज काम उरकलं की पात्याचा ताण सैल कर, नाहीतर त्या रबराला खड्डा पडतो.