दरडोई उत्पन्न आणि उपनगरातील जीवनमान

वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो २०१४ साली सुरू झाली. या मार्गावरील दुसरे स्थानक 'डी. एन. नगर' हे होय. या दोन अक्षरांमागे दादाभाई नवरोजींचे नाव आहे, हे रोजच्या प्रवाशांपैकी किती जणांच्या ध्यानात येत असेल? आयुष्याची अखेरची वर्षे दादाभाईंनी वर्सोव्यास घालविली. भारतीय माणसाचे सरासरी उत्पन्न किती, हा प्रश्न प्रथम आकड्यांनिशी मांडला तोही त्यांनीच.

१८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात दादाभाईंनी १८६७-६८ या वर्षाचे दरडोई उत्पन्न अवघे २० रुपये असल्याचे दाखवून दिले. पण ते एवढ्यावरच थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च होतो, तो आकडा त्यांनी या २० रुपयांशेजारी ठेवला. उत्पन्न गरजेशी ताडून पाहिल्यावाचून जीवनमान समजत नाही, हा धडा त्यात होता.

राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय?

देशात वर्षभरात निर्माण झालेल्या वस्तू व सेवा यांच्या मूल्यातून कच्चा माल व यंत्रसामग्रीचा घसारा वजा करावा, परदेशाशी झालेल्या उत्पन्नाच्या देवघेवीचा मेळ घालावा, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न मिळते. त्यास लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न निघते. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली प्रा. महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. आजच्या मोजणीचा पाया या समितीने घातला.

अर्थव्यवस्था वाढते आहे की नाही, हे जाणण्यास या आकड्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही. मात्र दोन वर्षांची तुलना करताना स्थिर किंमतींचेच आकडे घ्यावयास हवेत; नाहीतर महागाईलाच प्रगती समजण्याची चूक होते.

सरासरीची मर्यादा

एका गल्लीत दहा कुटुंबे राहतात असे समजू. नऊ कुटुंबांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी २०,००० रुपये, दहाव्याचे ८,२०,००० रुपये. सरासरी आली १,००,००० रुपये. पण एवढे उत्पन्न असलेले घर त्या गल्लीत एकही नाही! पुढच्या वर्षी दहाव्या कुटुंबाचे उत्पन्न आणखी एक लाखाने वाढले, तर सरासरी १० टक्क्यांनी चढेल आणि उरलेल्या नऊ घरांतील चूल मात्र होती तशीच राहील.

हे उदाहरण कल्पित असले तरी परिस्थिती कल्पित नाही. १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक होती. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात मुंबई राज्यात अग्रस्थानी होती. परंतु महानगरपालिकेच्या २००९ च्या अहवालात विभागवार हिशेब मांडला गेला, तेव्हा गोवंडी, मानखुर्द, देवनार यांचा एम पूर्व विभाग अगदी तळाशी असल्याचे दिसून आले. हा विभाग याच उपनगर जिल्ह्यात मोडतो. जिल्ह्याच्या सरासरीने जे झाकले होते, ते विभागाच्या आकड्याने उघड केले.

जे मोजले जात नाही

मजुरीवर पापड लाटणाऱ्या बोरिवलीच्या गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जातात. तिनेच घरच्यांसाठी लाटलेल्या पोळ्या धरल्या जात नाहीत. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवीत होते. हे एवढे श्रम हिशेबाबाहेर राहतात.

याउलट, काही हानी उत्पन्नवाढीच्या रूपाने नोंदली जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरची दुरुस्तीची कामे उत्पादनात मोजली गेली. वाहून गेलेला संसार मात्र त्यातून वजा झाला नाही. मुलुंडहून गर्दीच्या लोकलने कामावर जाणाऱ्याच्या पासाचे पैसे उत्पन्नात दिसतात, त्याचा शीण दिसत नाही.

पूरक मोजमापे

म्हणूनच १९९० पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण यांची सांगड घालून मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. घर, पिण्याचे पाणी, शौचालय, दवाखाना यांची विभागवार माहिती त्याला जोडली, तर चित्र अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा टाकाऊ नव्हे, तो अपुरा आहे. ज्वर मोजणाऱ्या साधनाने वजन कळत नाही, यात दोष साधनाचा नसतो.

या साऱ्या मोजणीचा आरंभ नागरिकाच्या उंबरठ्यावर होतो. जनगणनेचा प्रगणक किंवा नमुना पाहणीचा कर्मचारी दाराशी आला असता अनेकजण उत्तर देण्याची टाळाटाळ करतात. परंतु ज्या घराची माहिती नोंदली जात नाही, त्या घराची गरजही कागदावर येत नाही आणि जे कागदावर येत नाही त्याकरिता नळ, शाळा वा दवाखाना यांची तरतूद होणे कठीण असते. खरी माहिती देणे हे म्हणूनच आपल्या वस्तीचे हित जपणे होय. दादाभाईंनी २० रुपयांचा आकडा मांडला तो त्यामागचा माणूस दिसावा म्हणून. आजच्या आकड्यांकडेही आपण त्याच दृष्टीने पाहावयास हवे.