पाळी गेली, तरी तपासणी संपत नाही

सख्यांनो, पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि एक दिवस कपड्याला डाग दिसला, तर आपण काय म्हणतो? "उष्णता झाली असेल." धण्याचं पाणी पितो आणि सुनेला सांगायची लाज वाटते म्हणून गप्प बसतो. इथेच चुकतं. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी रक्त गेलं, तरी तपासून घ्यायचं. कारण साधं असू शकतं, तसा पिशवीचा किंवा तिच्या तोंडाचा कॅन्सरही असू शकतो. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाहीच.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका-मुली तपासल्या. 1989 साली ते छापून आलं. शंभरात 92 जणींना काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8. अंगावर काढणं म्हणतात ते हेच.

अंग बाहेर येत असेल तर दर वेळी ऑपरेशनच लागतं असं नाही. रिंग बसवता येते, व्यायाम असतात. कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाताना दुखत असेल तर त्यालाही मलम आहे. "या वयात कसलं ते?" म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

निडीहून रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय जवळ, पेणलाही आहे. केसपेपरच्या खिडकीवर "बायकांच्या तपासणीला आलेय" एवढंच सांगा, बाकीचं डॉक्टरांपुढे. सरकारी कॅन्सर तपासणी 30 ते 65 वयासाठी असते, ती आशाताईंना विचारा. पण डाग दिसला असेल तर वय सत्तर असलं तरी सरळ दवाखान्यात जा, आणि गटातली एखादी सोबत न्या.