खत घेताना

मुलांनो, उर्दूत 'खत' म्हणजे पत्र. मराठीत मात्र पिकाला घालतात त्या खादला खत म्हणतात. तेव्हा 'मामूंनी खत आणले' हे वाक्य वाचून पोस्टमनची वाट पाहू नका!

समजा, तुमच्या मामूंची गावाकडे कपाशी आहे. उसने पैसे घेऊन ते गांडूळखताच्या ४० गोण्या घ्यायला निघाले आहेत. गांडूळ म्हणजे केंचुआ. तो शेण आणि पालापाचोळा खातो. त्याच्या विष्ठेपासून हे खत बनते. पण गोणीत माती आणि राखच निघाली तर? पैसे तर जातीलच, शिवाय हंगामही हातचा जाईल. म्हणून तुम्ही मामूंबरोबर दुकानात जा.

प्रथम गोणी वाचा. सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ साली सेंद्रिय खतेही आली. म्हणून गोणीवर खताचे व उत्पादकाचे नाव, पत्ता, वजन आणि घटकांचे प्रमाण हवे. 'शंभर टक्के सेंद्रिय' असे मोठ्या अक्षरांत कोणीही छापू शकतो.

आता ओलावा पाहा. गांडूळखतात तो १५ ते २५ टक्के असावा. तो ४० टक्के असेल, तर ५० किलोच्या गोणीत २० किलो पाणीच असते. २५ टक्क्यांना हेच पाणी साडेबारा किलो भरते. म्हणजे गोणीमागे साडेसात किलो आणि ४० गोण्यांमागे ३०० किलो जादा पाणी मामू खताच्या भावाने घेतील! मूठभर खत घट्ट दाबा. पाणी ठिबकले तर ते खत घेऊ नका.

रंगाला मात्र भुलू नका. चांगले खत काळपट असते हे खरे, पण कोळशाची भुकटीही काळीच असते. त्यापेक्षा नाक अधिक उपयोगी पडते. मुरलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कुजका किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर खत कच्चे आहे असे समजा. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी शेतात येते. ही अळी पिकाची मुळे खाते.

चमचाभर खत पेलाभर पाण्यात ढवळा. वाळू लगेच तळाला बसते. ती बोटांना खरखरीत लागते.

मामूंना घाई नसेल, तर आधी एकच गोणी आणा. एका कुंडीत नुसती माती भरा, दुसरीत निम्मी माती व निम्मे खत. दोन्हींत मेथीचे दाणे मोजून पेरा. दुसऱ्या कुंडीत फारच थोडे दाणे उगवले, तर उरलेल्या ३९ गोण्या घेऊ नका.

दुकानदाराकडून पक्के बिल मागून घ्या आणि रिकामी गोणीही जपून ठेवा. खत बनावट निघाले, तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना या दोन्ही वस्तू लागतात.