सुट्टीचा वार बाजाराचा ठेवा

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आणि तडवी बायाबापड्यांना शिवण शिकायला सवड मिळते ती मे महिन्यात, शेतं मोकळी असतात तेव्हा. धुळे-जळगावकडच्या आम्ही काही जणी तिथे मुक्कामाला राहून शिकवतो. पगार नाही, हौस आहे. आणि मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला टेकलेला.

एका वर्षी वेळापत्रकात रविवार सुट्टीचा होता आणि त्या दिवशी उनपदेवची सहल ठरलेली. गरम पाण्याचा झरा, जवळचं ठिकाण, सगळ्यांना उत्साह. परतताना भर दुपारी जीपमध्ये आमच्यातली एक जण काहीबाही बोलायला लागली. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. सोबतच्या एका वयस्क पावरा बाईने तिला निंबाखाली निजवलं, ओढण्या भिजवून मानेवर, काखेत, मांड्यांवर ठेवल्या आणि वारा घालायला लावलं. पाणी पाजू दिलं नाही, कारण शुद्ध अर्धवट होती. ते अगदी बरोबर होतं. अशा वेळी पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आम्ही १०८ ला फोन केला. मैत्रीण वाचली, पण पुढचे वर्ग तिच्याविना झाले.

म्हणून शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे, सुट्टी ही शरीराची गरज आहे, तिच्यात सहल कोंबू नका. पायमशीनवर वाकून, दुसऱ्यांचे टाके बघत दिवस काढले की कंबर आणि डोळे दोन्ही थकतात. शिवाय नव्या ठिकाणी झोप लागत नाही ती वेगळीच. सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर काय फिरायचं ते फिरा. मधला वेळ सावलीत, ओला पंचा डोक्यावर, कैरीचं पन्हं किंवा क्षारसंजीवनी जवळ. क्षारसंजीवनीची लिटरभराची पुडी लिटरभर पाण्यातच कालवायची. कमी पाण्यात केली तर मीठ जास्त होतं.

वार मात्र रविवार नको. जवळच्या गावचा आठवडी बाजार असेल तो वार घ्या. त्या दिवशी तुम्ही वर्ग ठेवलात तरी निम्म्या बाया येत नाहीत. तेल-मीठ, बी-बियाणं, पोरांची कापडं सगळं बाजारातूनच यायचं असतं. त्यांची गैरहजेरी आळसातून आलेली नसते, आणि तसं मनात आणलं की नातं बिघडतं.

बाजाराला न जाणाऱ्या मुली असतातच. वर्गाच्या खोलीची किल्ली त्यांच्यातल्या एकीकडे द्या. आपण नसताना दोरा तुटला, खालच्या बाजूला दोऱ्याचे झुपके आले, तर त्या काय करतात हे फार मोलाचं असतं. सुई उलटी बसली का, वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमधून नीट गेलाय का, हे त्यांनी स्वतः शोधलं पाहिजे. आपण शेजारी असलो की त्या हात वर घेऊन ‘ताई’ म्हणून हाक मारतात आणि आपण धावतो.

कुणी सुट्टीच्या दिवशी ब्लाउज घेऊन दाराशी आलीच, तर प्रेमाने उद्याचं सांगा. एकीचं शिवून दिलं की दुपारपर्यंत ओटा भरतो. दुसऱ्या दिवशी नवं कटिंग सुरू करण्याआधी मुलींनी एकट्याने शिवलेलं आधी हातात घ्या, आणि उसवायचं असेल तर त्यांनाच उसवू द्या.