घाटातील वाहतुकीसाठी ट्रॅक्टर व ट्रॉलीची निवड

डोंगराळ भागातील शेतीत माल पिकविण्याइतकेच तो रस्त्यापर्यंत आणणे कष्टाचे असते. शेणखत, वैरण, बांधकामाचा दगड, भात व बटाटा यांची ने-आण आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर-ट्रॉलीने होते. ट्रॅक्टर घेताना मात्र शेतकरी प्रथम अश्वशक्ती विचारतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच निर्णय घेतो. सपाटीवर हे चालून जाते. घाटात अश्वशक्तीखेरीज आणखी दोन गोष्टींचा विचार आवश्यक असतो : चाकांची पकड आणि ब्रेक. या तिन्ही गोष्टींचा हिशेब साध्या आकड्यांनी मांडता येतो.

चढावर लागणारी ओढ

समजा, ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो, रिकाम्या ट्रॉलीचे १,२०० किलो आणि मालाचे २,८०० किलो आहे. एकूण वजन ६,००० किलो झाले. रस्त्याचा चढ १६ मीटरांस १ मीटर असेल, तर चढासाठी एकूण वजनाचा सोळावा हिस्सा, म्हणजे ३७५ किलो ओढ लागते. डांबरी रस्त्यावर चाके फिरण्यास होणारा रोध वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १२० किलो धरावा. एकंदर ओढ सुमारे ५०० किलो होते.

ओढीचे किलो आणि ताशी वेगाचे किलोमीटर यांचा गुणाकार करून २७० ने भागले असता चाकांवर लागणारी अश्वशक्ती मिळते. ताशी १० किलोमीटर वेगाला ती सुमारे १८.५ येते. गिअर व चाकांची घसरण यांत जाणारा भाग धरल्यास इंजिनाची २५ अश्वशक्ती लागते. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १०० मीटरला सुमारे १ टक्क्याने घटते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे ही घट १३ टक्क्यांच्या आसपास जाते. एवढी सूट देऊनही ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हे काम खालच्या गिअरमध्ये करू शकतो. त्याहून मोठ्या इंजिनाने मुख्यतः वेग वाढतो, आणि भरलेल्या ट्रॉलीसह घाटात वेगाची गरज नसते.

चाकांची पकड

वाडीवस्तीचे कच्चे रस्ते याहून तीव्र असतात. १० मीटरांस १ मीटर चढ आणि ओलसर मातीचा ५ टक्के रोध धरला, तर त्याच ६,००० किलोंसाठी ६०० अधिक ३०० अशी ९०० किलो ओढ लागते. ताशी ५ किलोमीटर वेगाला चाकांवर १७ अश्वशक्तीच पुरते. इंजिन कमी पडत नाही. परंतु दोन चाकांनी ओढणाऱ्या या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर, ट्रॉलीच्या दांड्याचा भार धरून, सुमारे १,५०० किलो वजन येते. अशा मातीवर पकड त्याच्या ४० टक्के धरल्यास ती ६०० किलोच भरते. म्हणून चाके जागीच फिरू लागतात. या रस्त्यावर एकूण वजन ४,००० किलोंच्या आत ठेवावे लागते, म्हणजे माल एक टनाहूनही कमी भरावा लागतो.

चारही चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे सर्व वजन पकडीच्या कामी येते. ज्यांना कच्च्या चढावर नित्य जावे लागते, त्यांनी जास्त अश्वशक्तीऐवजी या सोयीसाठी पैसे खर्च करणे हिताचे ठरते. तथापि जेवढा माल चढविता येतो तेवढा सुरक्षितपणे उतरविता येईलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

उतारावरील धोका

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीस जाताना सुमारे ५५० ते ६०० मीटर उंची चढावी लागते. सहा टन वजन तेवढेच खाली उतरते तेव्हा १०० लिटर थंड पाण्याला उकळी आणता येईल इतकी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते. काही भाग रस्त्याच्या रोधात जातो. उरलेला इंजिनाने रोखला नाही, तर तो सर्व ब्रेकवर पडतो. ब्रेक तापून निकामी होतात ते यामुळे.

म्हणून ज्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चढ चढेल, त्याच गिअरमध्ये तो उतारावर न्यावा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा क्लच दाबून ठेवणे हे प्राणघातक आहे. डाव्या व उजव्या ब्रेकची पेडले कडीने एकत्र जोडलेली असावीत. अन्यथा एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर वळतो व उलटतो.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटते, आणि वळणावर त्याला आडवा फिरविते. अशा भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या वजनाहून अधिक असू नये. वरील उदाहरणात ही मर्यादा पाळली, तर माल फक्त ८०० किलो बसतो. अधिक माल न्यायचा असल्यास चालकाच्या जागेवरून लागणारे ब्रेक असलेली ट्रॉलीच घ्यावी.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

१. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. विक्रेत्याकडून चाचणी अहवाल मागून त्यातील ओढीचे व ब्रेकचे आकडे पाहावेत.

२. ब्रेक तेलात बुडालेले असावेत. पाणी व चिखल यांचा त्यांवर परिणाम कमी होतो.

३. चालकाच्या संरक्षणाची चौकट व पट्टा असावा.

४. ट्रॉली खालच्या ओढदांड्यालाच जोडावी. उंच जागी जोडल्यास चढावर पुढची चाके उचलली जातात. पिनेला खिट्टी व जोडीला सुरक्षा साखळी असावी.

५. चाकांखाली लावण्यास दोन लाकडी ठोकळे नेहमी बरोबर ठेवावेत.

६. ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या असाव्यात. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत.

पिकअप केव्हा बरे

स्ट्रॉबेरीसारखा नाजूक माल दूरच्या बाजारात वेळेवर पोहोचवावयाचा असेल, तर ट्रॉलीपेक्षा मध्यम आकाराचे पिकअप वाहन सोयीचे पडते. माल वाहनावरच असल्याने मागून रेटा येत नाही व चारही चाकांना ब्रेक मिळतात. शेतीची मशागत मात्र त्याने होत नाही. म्हणून वर्षातून किती फेऱ्या कोणत्या मालाच्या होतात हे मोजून, पिकअप भाड्याने घ्यावे की विकत, हे ठरवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांबरोबर गावच्या सर्वांत तीव्र उतारावर जाऊन त्याचा चढ मोजावा, आणि वरील रीतीने त्या रस्त्यापुरती मालाची मर्यादा काढून द्यावी. ट्रॅक्टरची निवड त्या उतारावरून व्हावी.