छोटा मेमरी अ‍ॅलोकेटर : जागा असून न मिळणारी जागा



मूल हौसेने स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला लागलं, की एका ठिकाणी हमखास अडतं : तिथे तयार 'मॅलॉक' नसतो. मेमरी कोणाला किती दिली, याचा हिशोब स्वतःच ठेवावा लागतो. हे काम करणारा कोड म्हणजे अ‍ॅलोकेटर.

आपल्या नाशिकच्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्राममध्ये आखाड्यांना, खालशांना प्लॉट वाटतात, तसंच हे.

वर्गात करून बघा. फळ्यावर ओळीने १० चौकोन काढा. ३, ३ आणि ४ असे वाटा. पहिले दोन तुकडे परत घ्या. आता ५ चौकोन मागा. नोंदीत ३ आणि ३ वेगळेच राहिले, तर जागा असून नकार मिळतो! म्हणून परत आलेला तुकडा रिकाम्या शेजाऱ्याला जोडायचाच.

एमआयटीच्या 'एक्सव्ही६' या शिकवणीच्या सिस्टिममध्ये कर्निगन-रिची यांच्या सी भाषेच्या पुस्तकातला अ‍ॅलोकेटर आहे. ओळी शंभरहून कमी! त्यात रिकाम्या तुकड्यांची यादी पत्त्याच्या क्रमाने असते, म्हणून शेजारी ओळखणं सोपं जातं.

मुलांना आधी जोडण्याचा नियम सांगू नका. नकार मिळू द्या; नियम तीच शोधतील.