पेप्टाइडांचा संदेश आणि त्वचेची दुरुस्ती



आदिलाबादच्या या कापूसपट्ट्यात वैद्यकी करताना दोन प्रकारचे रुग्ण मला नित्य भेटतात. एक, पायाची जखम आठवडे न् आठवडे न भरणारा मधुमेही शेतकरी; दुसरा, जाहिरात पाहून ‘पेप्टाइड क्रीम’विषयी विचारणारा सुशिक्षित गृहस्थ. दोघांच्याही प्रश्नाचे मूळ एकच असल्याने त्याचा थोडक्यात परामर्श घेत आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. अशा काही साखळ्या तंतुजनक पेशींना नवे कोलॅजेन घडविण्याचा संदेश देतात. १९७३ साली लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून ग्लायसिन, हिस्टिडिन व लायसिन यांचे त्रिपेप्टाइड वेगळे केले. त्याचे तांब्याशी विशेष सख्य आहे. १९९३ मध्ये प्रोकोलॅजेनमधील पाच अमिनो आम्लांचा तुकडा संवर्धित पेशींत कोलॅजेननिर्मिती वाढवितो, असे आढळले. त्यालाच पामिटिक आम्ल जोडून आजची अनेक प्रसाधने बनतात.

परंतु काचपात्रातील पेशी निराळ्या आणि अखंड त्वचा निराळी. सुमारे ५०० डाल्टनहून मोठ्या रेणूंना शृंगस्तर सहसा आत येऊ देत नाही. मेदाम्लामुळे प्रवेशास मदत होत असली, तरी रेणूचे वजन ८०० च्या घरात जाते. २००५ साली एका प्रसाधन कंपनीच्या संशोधकांनी ९३ स्त्रियांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत बारीक सुरकुत्या कमी झालेल्या दिसल्या. पण हा लाभ माफकच होता.

उघड्या जखमेत मात्र हा अडसर नसतो. स्टॅन्ली कोहेन यांनी शोधलेला, ५३ अमिनो आम्लांचा बाह्यत्वचा-वृद्धिघटक त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक देऊन गेला. मधुमेही पायाच्या व्रणासाठी त्याचे जेल आपल्या हैदराबादेतील भारत बायोटेकने तयार केले. तथापि मृत ऊती काढणे, पायावरील भार टाळणे, जंतुसंसर्ग व रक्तशर्करा आटोक्यात आणणे, रक्तपुरवठा तपासणे यांची जागा ते घेऊ शकत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : व्रणाच्या रुग्णास प्रथम ही पंचसूत्री द्यावी, जेल त्यानंतर. क्रीम विचारणाऱ्यास आधी उन्हापासून संरक्षण सांगावे. कारण अतिनील किरणांनी कोलॅजेन मोडणारी विकरे वाढतात. रुमाल, टोपी आणि सनस्क्रीन यांची सवय लागल्यावरही क्रीम हवेच असेल, तर माफक अपेक्षेने खुशाल वापरावे. मात्र त्यापायी घरच्या औषधपाण्याचा पैसा खर्ची पडू नये, एवढे आपण आवर्जून सांगावे.